घरी दाट, गुळगुळीत ग्रीक दही: दूध तापवण्यापासून फेटण्यापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे: एक लिटर दूध कोमट केलं, त्यात तीन-चार चमचे विरजण घातलं, रात्रभर ओट्यावर ठेवलं. सकाळी लागलेलं दही फडक्यात बांधून संध्याकाळपर्यंत टांगलं. हाती आलं ते बाहेरून कोरडं, आतून ओलं, जिभेला रवाळ आणि चांगलंच आंबट. खाली जमलेलं पाणीही दुधाळ. विकतचं ग्रीक दही मात्र चमच्यावर घट्ट बसतं आणि तोंडात लोण्यासारखं विरतं. चूक नेमकी कुठे होते?

मी गेली वीसेक वर्षं रोज दही लावते आहे, घरासाठीही आणि ऑर्डरीसाठीही, आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. विचारणारे जवळजवळ सगळे टांगण्याबद्दल विचारतात: किती तास टांगायचं, कोणतं फडकं घ्यायचं, वर वजन ठेवायचं का. दही दाट होणार की नाही हे त्याच्या खूप आधी, दूध गॅसवर असतानाच ठरून गेलेलं असतं. कच्च्या बांधणीचं दही कितीही वेळ टांगलं तरी ते फक्त सुकतं, दाट होत नाही. म्हणून या उत्तराचा निम्मा भाग मी दुधावरच खर्च करणार आहे.

दुधात साधारण 87 टक्के पाणी असतं. गाईच्या दुधात प्रथिनं सव्वातीन टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातली जवळपास 80 टक्के केसिन नावाची. उरलेली 20 टक्के पाण्यात विरघळलेली, म्हणजे दही गाळलं की निवळीबरोबर वाहून जाणारी. दूध आंबत गेलं की केसिनचे कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. ताज्या दुधाचा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; आंबटपणा वाढला की आकडा उतरतो) 6.7 च्या आसपास असतो, तो 4.6 पर्यंत उतरला की हे जाळं पक्कं होतं. त्यालाच आपण दही लागलं म्हणतो. पाणी या जाळ्यात अडकून बसतं. जाळी बारीक आणि मजबूत असेल तर पाणी धरून ठेवते, विरळ असेल तर सोडून देते.

दूध फक्त कोमट करून विरजण लावलं की केसिन एकटंच जाळं विणतं. तेच दूध 85 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तिथे काही वेळ धरून ठेवलं, तर त्या उरलेल्या 20 टक्क्यांतली प्रथिनं उलगडतात आणि केसिनच्या कणांना जाऊन चिकटतात. मग जाळं विणायला दोन्ही धागे मिळतात. जी प्रथिनं निवळीतून वाहून जाणार होती ती दह्यात राहतात, आणि जाळं इतकं बारीक होतं की पाणी सहजासहजी सुटत नाही. मोठ्या डेअरीत यासाठी दूध 85 अंशांवर अर्धा तास किंवा 90 ते 95 अंशांवर पाचेक मिनिटं धरतात. घरी एवढा काटेकोरपणा लागत नाही, पण धरून ठेवणं लागतंच. दूध एकदा वर आलं की लगेच गॅस बंद करायची सवय बहुतेकांना असते. तिथेच घात होतो. उकळी येणं पुरेसं नाही, त्या उष्णतेत दुधाला वेळही मिळायला हवा.

मी करते ते असं. जाड बुडाचं पातेलं आधी थंड पाण्याने विसळून घेते, म्हणजे दूध तळाला लागायचं प्रमाण कमी होतं. दूध मध्यम आचेवर ठेवते आणि सपाट उलथन्याने तळ खरवडत राहते. कडेला बारीक बुडबुडे यायला लागतात, वाफ सरळ वर जायला लागते, दुधाचा पृष्ठभाग थरथरतो. ही खूण 80 अंशांच्या पुढे गेल्याची. दूध कच्चं असेल तर इथून पुढे एक उकळी येऊ देते. मग आच अगदी बारीक करून पुढची पंधरा मिनिटं दूध वाफाळतं ठेवते, उकळू देत नाही, अधूनमधून ढवळत राहते. थर्मामीटर असेल तर 85 ते 90 च्या मध्ये काटा राहायला हवा. दूध तळाला लागायची भीती वाटत असेल तर पातेलं उकळत्या पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवा. वेळ जास्त लागतो, पण दूध करपत नाही. करपलेल्या दुधाचा वास दह्यातून कशानेही जात नाही, आणि गाळल्यावर तर तो आणखी दाटतो.

एवढं एकच बदलून पाहा, बाकी सगळं नेहमीसारखंच ठेवा. पुढच्या दह्यात फरक लगेच दिसेल. चमचा घातला की दह्याचा काप स्वच्छ निघेल आणि खड्ड्यात पाणी सावकाश गोळा होईल. आधी चमचा काढताच डबकं साचत होतं, ते होणार नाही.

आता दूध कोणतं घ्यावं. गाईचं चालतं, म्हशीचं त्याहून सोपं जातं, कारण त्यात प्रथिनंही जास्त आणि स्निग्धांश सहा-सात टक्के. ग्रीसमध्ये जुनी पद्धत मेंढीच्या दुधाची आहे, आणि ते तर इतकं सघन असतं की त्याचं न गाळलेलं दहीसुद्धा घट्ट बसतं. शेळीच्या दुधाचं दही मऊ लागतं, कारण त्याच्या केसिनची ठेवण वेगळी असते. ते गाळून दाट होतं, पण हाती कमी येतं. सायीसकट दूध घेतलं तर दही रेशमी होतं. साय काढलेल्या दुधाचं दहीही घट्ट होतं, पण जिभेवर खडूसारखं कोरडं लागतं, कारण प्रथिनांच्या जाळ्याला वंगण द्यायला स्निग्धांशच नसतो. पथ्यासाठी बिनसायीचं दूध घ्यावंच लागत असेल तर गाळताना थोडं लवकर थांबा, कोरडेपणा कमी जाणवेल.

खोक्यातलं, महिनोन्महिने टिकणारं दूध कारखान्यातच काही सेकंद 135 अंशांच्या वर तापवलेलं असतं. त्याचं दही लागतं, पण बांधणी मऊ राहते. तेच हाताशी असेल तर लिटरमागे 30 ग्रॅम बिनसायीची दुधाची पावडर घाला. त्या पावडरीत प्रथिनं 35 टक्क्यांच्या आसपास असतात, म्हणजे दुधातली प्रथिनं सुमारे एक टक्क्याने वाढतात. साध्या दुधातही ही युक्ती चालते. पण 40 ग्रॅमच्या पुढे जाऊ नका, पावडरीची चव वर येते. मी स्वतः पावडर घालत नाही. नीट तापवलेल्या चांगल्या दुधाला तिची गरज पडत नाही, असं माझं मत आहे.

दूध तापवून झालं की ते पटकन निववायचं. पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहा, म्हणजे वर साय धरत नाही. सायीचे तुकडे दह्यात राहिले तर नंतर गुठळ्या लागतात. साय धरलीच तर ती उचलून बाजूला काढा किंवा दूध गाळून घ्या. निववायचं ते 43-44 अंशांपर्यंत. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ करंगळी दुधात बुडवून सावकाश दहा आकडे मोजा. दहाव्या आकड्याला बोट काढावंसं वाटलं पण चटका बसला नाही, तर दूध बरोबर आहे. पाचालाच काढावं लागलं तर थांबा. काहीच जाणवलं नाही तर दूध फार निवलंय, पुन्हा किंचित तापवा. 50 अंशांच्या पुढच्या दुधात विरजण घातलं तर त्यातले जिवाणू मरू लागतात, मग ते दूध रात्रभर तसंच पडून राहतं.

विरजणाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तुमचं दही आंबट आणि रवाळ होण्याचं एक मोठं कारण इथे आहे. योगर्टमध्ये प्रामुख्याने दोन जिवाणू असतात: स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. दुसरा 1905 साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकाने जिनिव्हात शिकत असताना बल्गेरियातल्या दह्यातून शोधला, म्हणून त्याचं हे नाव. दोघांची जोडी एकमेकांना धरून वाढते. बल्गेरिकस प्रथिनं फोडून पहिल्याला खायला देतो, आणि पहिला फॉर्मिक आम्ल व कार्बन डायऑक्साइड सोडून दुसऱ्याला वाढवतो. दोघांनाही 40 ते 45 अंशांची ऊब मानवते. घरचं पिढीजात विरजण बरेचदा वेगळं असतं. त्यात 25-30 अंशांवर वाढणारे जिवाणू जास्त असतात, म्हणून ते ओट्यावरही लागतं. त्याचं दही चवीला छान असतं, पण ग्रीक दह्याचा तो स्वच्छ आंबूसपणा आणि घट्ट बसणारी बांधणी त्यातून नेमकी येत नाही. काही विरजणांतले जिवाणू चिकट शर्करा तयार करतात, मग दह्याला तार येते. असं दही फडक्यातून नीट गळतही नाही. म्हणून पहिल्या वेळी साधं, गोड नसलेलं, ज्यावर जिवंत जिवाणू असल्याचं लिहिलेलं आहे असं विकतचं योगर्ट आणा आणि तेच विरजण म्हणून वापरा. आंबवल्यानंतर पुन्हा तापवलेलं दही विरजणाला उपयोगाचं नाही.

प्रमाण लिटरला एक मोठा चमचा, सपाट. जास्त नको. तीन-चार चमचे घातले की दही लवकर लागतं हे खरं, पण घाईघाईने आम्ल तयार झालं की केसिनचे कण निवांत जुळत नाहीत, ढेकळासारखे गोळा होतात. तीच रवाळ चव. मी सुरुवातीची दोन वर्षं दर वेळी अर्धी वाटी विरजण घालत होते, कारण जास्त विरजण म्हणजे जास्त घट्ट दही असं मनात पक्कं बसलं होतं. एका दुपारी हाताशी चमचाभरच विरजण उरलं होतं, तेवढ्यावर दही लावलं. दुसऱ्या दिवशी ते गाळताना फडक्यावरून जे सरकलं ते मी आधी कधी केलंच नव्हतं. एकही कण नाही, सलग, चकचकीत.

विरजण थेट पातेल्यात टाकू नका. वाटीत घ्या, चार चमचे कोमट दूध घालून एकजीव करा, मग ते सगळ्या दुधात ओता आणि डावाने तळापासून वर असं हलक्या हाताने फिरवा. फेस येईपर्यंत घुसळायचं नाही.

इथून पुढे दोनच गोष्टी: ऊब आणि स्तब्धता. 42-43 अंशांवर पाच ते सात तासांत दही लागतं. ऊब टिकवायला यंत्रच हवं असं नाही. बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवला तरी पुरतं, पण आधी एकदा थर्मामीटर ठेवून तपासा, कारण काही ओव्हन दिव्यानेच फार तापतात. मायक्रोवेव्ह बंद ठेवून आत उकळत्या पाण्याचं भांडं आणि शेजारी दुधाचं भांडं, हेही चालतं, फक्त तासा-दोन तासांनी पाणी बदला. रुंद तोंडाचा थर्मास असेल तर त्याच्याइतकं सोपं काही नाही. जाड ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं पातेलंही चार-पाच तास ऊब धरतं. यातलं काहीही करा, पण मध्येच भांडं हलवू नका. दही लागलं का बघायला तिरकं करणं, एका जागेवरून दुसरीकडे नेणं, आत बोट घालणं, याने अर्धवट विणलेलं जाळं तुटतं आणि तुटलेलं जाळं पुन्हा सांधत नाही. दुधाळ निवळी पडण्याचं हे दुसरं कारण. पहिलं, अर्थातच, कमी तापवलेलं दूध.

पाच तासांनी एकदाच बघा. भांडं किंचित कलतं केलं की दही कडेपासून एकसंध सुटतं आणि मध्ये पातळ निवळीची रेघ दिसते. झालं. इथे थांबायचं. रात्रभर ठेवलं तर जिवाणू काम करत राहतात, आंबटपणा वाढत जातो आणि जाळं आकसून पाणी बाहेर फेकायला लागतं. म्हणून दही रात्री झोपताना लावू नका. दुपारी लावा, संध्याकाळी फ्रिजमध्ये ठेवा. चौदा तास ओट्यावर राहिलेलं दही आंबट होणारच, त्यात विरजणाचा दोष नाही.

गाळण्याआधी दही निदान सहा तास फ्रिजमध्ये राहायला हवं. ही पायरी घाईत वगळली जाते, आणि माझ्या अनुभवात ती वगळल्याची भरपाई नंतर होत नाही. गरम दही नाजूक असतं, फडक्यात ओतलं की फुटतं आणि प्रथिनं निवळीबरोबर निघून जातात. थंड झालेलं दही घट्ट बसलेलं असतं, त्यातून फक्त पाणी सुटतं.

आता फडक्याकडे येऊ. घट्ट विणीचं, धुऊन मऊ झालेलं सुती कापड घ्या. नव्या कापडाची खळ आधी उकळून काढा. कापडाला साबणाचा किंवा सुगंधी पावडरीचा वास असेल तर तो दह्याला लागतो, म्हणून हे फडकं वेगळंच ठेवा. वापरल्यावर ते आधी गार पाण्यात खळबळून घ्या आणि मगच उकळत्या पाण्यात टाका. उलट केलं तर प्रथिनं धाग्यांत पक्की होऊन बसतात आणि पुढच्या वेळी कापडातून पाणीच झिरपत नाही.

टांगू नका. तुमचं दही बाहेरून कोरडं आणि आतून ओलं राहिलं ते टांगल्यामुळे. पुरचुंडी टांगली की दह्याचं स्वतःचं वजन खालच्या आणि कडेच्या थराला दाबतं, तो थर सुकून भिंत होतो, आणि आतलं पाणी त्या भिंतीआड अडकतं. त्याऐवजी मोठी चाळणी एका पातेल्यावर ठेवा, त्यात ओलं करून पिळलेलं फडकं पसरा आणि दही डावाने मोठे काप काढून त्यावर मांडा. ओतू नका. थर जितका पसरट तितकं सारखं गळतं. फडक्याची टोकं वरून दुमडा, ताट झाका आणि सगळं फ्रिजमध्ये सरकवा. चाळणीचं बूड खालच्या निवळीला टेकणार नाही एवढं पातेलं खोल हवं. बाहेर ओट्यावर गाळलं तर तिथेही आंबणं चालूच राहतं. तासाभराने चमच्याने कडेचं दही हलकेच आत ओढून घ्या, एकदाच. दाबायचं नाही, पिळायचं नाही, वर वजन ठेवायचं नाही. पिळलं की घन भाग फडक्यातून पार होतो, निवळी पांढरी होते आणि मागे राहतात ते कण.

चांगल्या दह्याची निवळी हिरवट-पिवळी, जवळजवळ पारदर्शक असते. तो रंग रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा. मी दर वेळी निवळी काचेच्या पेल्यात घेऊन खिडकीच्या उजेडात धरते. पेल्याच्या पलीकडची बोटं धूसर का होईना दिसली, तर दूध नीट तापलं होतं. दिसली नाहीत, तर पुढच्या वेळी काय सुधारायचं ते त्या पेल्यातच कळतं.

किती वेळ गाळायचं याला तासांत उत्तर देता येत नाही, कारण कापड, थराची जाडी, दुधाचा कस, सगळं वेगळं असतं. वजनावर जा. लिटरभर दुधाचं दही साधारण 1040 ग्रॅम भरतं. खालची निवळी मोजत राहा. 500 ग्रॅम निवळी निघाली की मऊ, वाटीत पसरणारं दही हाती असतं. गाईच्या दुधाला 600 ग्रॅमवर चमचा उभा राहतो. मला हवं असलेलं ग्रीक दही हेच, आणि त्यात दर शंभर ग्रॅमला साडेसहा-सात ग्रॅम प्रथिनं येतात. 700 च्या पुढे ते चक्का होतं, पावावर फासण्याजोगं. विकतच्या डब्यावर दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लिहिलेली असतील तर तिथे याहूनही जास्त गाळलेलं असतं. म्हशीच्या दुधाचं दही चारशे-साडेचारशे निवळीतच त्या घट्टपणाला पोचतं. फ्रिजमध्ये साधारण तीन ते पाच तास लागतात, एवढाच अंदाज घ्या. वेळेकडे लक्ष राहिलं नाही आणि दही फार कोरडं झालं, तर घाबरू नका. बाजूला काढलेल्या निवळीतले दोन-तीन चमचे परत घालून फेटा. म्हणूनच दही डब्यात जाईपर्यंत निवळी ओतून देऊ नये.

आणि फेटणं. डब्यातल्या दह्याचा गुळगुळीतपणा बऱ्याच अंशी इथून येतो, आणि घरी ही पायरी फार थोडे जण करतात. कारखान्यात गाळलेलं दही बारीक जाळीतून किंवा फिरत्या यंत्रातून काढून एकसारखं करतात. घरी तारेचं फेटणं (व्हिस्क) पुरतं. गाळलेलं दही खोल भांड्यात घ्या आणि एकाच दिशेने मिनिटभर फेटा. आधी ते सैल पडल्यासारखं वाटेल, गोळे दिसतील, मग अचानक तजेलदार होईल आणि फेटण्यावरून जाडसर पट्टीसारखं खाली उतरेल. त्या क्षणी थांबा. मिक्सर लावू नका, त्याच्या पात्याने दही पातळ होतं आणि बरेचदा पुन्हा आळत नाही. फेटलेलं दही डब्यात भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. फेटताना मोडलेली बांधणी थंडीत पुन्हा आळते. सकाळी ते आदल्या संध्याकाळपेक्षा दाट असतं. पहिल्यांदा करणाऱ्यांना मी आवर्जून सांगते की चव दुसऱ्या दिवशीच घ्या, फेटल्याफेटल्या निराश होऊ नका.

नावाबद्दल दोन ओळी, कारण दुकानात घोटाळा होतो. ग्रीक भाषेत या दह्याला स्ट्रांगिस्तो म्हणतात, म्हणजे गाळलेलं. इंग्लंडमध्ये यावर कोर्टकज्जाही झाला. फाये या ग्रीक दह्याच्या कंपनीने चोबानी या अमेरिकी दही कंपनीविरुद्ध दावा लावला, आणि 2014 साली तिथल्या अपील न्यायालयाने निकाल कायम केला की अमेरिकेत बनवलेलं दही तिथे ‘ग्रीक योगर्ट’ या नावाने विकता येणार नाही. त्या बाजारात ‘ग्रीक योगर्ट’ म्हणजे ग्रीसमध्ये बनलेलं आणि गाळून दाट केलेलं, असं लोक समजतात, हे त्यामागचं कारण. ‘ग्रीक स्टाईल’ लिहिलेलं दही मात्र गाळलेलंच असेल असं नाही. त्यात स्टार्च, जिलेटिन किंवा दुधाची प्रथिनं घालूनही दाटपणा आणता येतो. विरजणासाठी आणताना घटकांची ओळ वाचा: दूध, साय आणि जिवाणू एवढंच असेल तर ते घ्या.

निवळीचं काय करायचं, हेही बरेच जण विचारतात. ती आम्लयुक्त असते, तिच्यात दुधातली साखर आणि बरंचसं कॅल्शियम उतरलेलं असतं, प्रथिनं अगदी थोडी. म्हणून ती तापवून त्यातून काही घट्ट पदार्थ निघेल या आशेने गॅस जाळू नका, काही निघत नाही. पीठ मळायला, सुपात, डाळी-कडधान्यं भिजवायला पाण्याऐवजी छान लागते. फ्रिजमध्ये आठवडाभर राहते. झाडांना घालायचीच तर भरपूर पाण्यात मिसळून, कधीतरी.

दही अजिबात लागलंच नाही, असं झालं तर? आधी ऊब तपासा, मग विरजणाचं वय. दोन्ही ठीक असेल तर दुधाकडे बघा. एकदा माझ्याकडे वीस लिटर दूध आलं आणि दहा तासांनंतरही ते दूधच होतं. मी घाबरून विरजण टाकून देणार होते. तेवढ्यात सुचलं म्हणून तेच विरजण दुसरीकडून आणलेल्या लिटरभर दुधात लावलं, त्याच उबेत ठेवलं. ते सहा तासांत सुरीने कापावं असं लागलं. विरजण निर्दोष होतं. आजारी जनावराला प्रतिजैविकं दिली असतील आणि त्यांचे अंश दुधात उतरले असतील, तर दही लावणारे जिवाणू वाढतच नाहीत. तेव्हापासून दूध बदललं की मी आधी एक पेलाभर दही लावून बघते. लिटरभर करणाऱ्यांनीही नव्या ठिकाणच्या दुधाची हीच परीक्षा घ्यावी.

विरजण पुढच्या वेळेसाठी दही फ्रिजमध्ये ठेवायच्या आधी, वरच्या थराखालून, कोरड्या चमच्याने काढा. लहान झाकणाच्या बाटलीत ते आठवडाभर जोमात असतं. आठ-दहा वेळा लावल्यावर दोघा जिवाणूंचं प्रमाण बिघडतं आणि बाकीचे शिरकाव करतात. दही लागायला वेळ लागायला लागतो, आंबट लवकर होतं, कधी तार येते. तसं दिसलं की नवं विरजण आणा. पहिल्या चांगल्या दह्याचे चमचा-चमचा भाग बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवले तर दोन-तीन महिने पुरतात. वापरताना एक खडा फ्रिजमध्ये सावकाश वितळू द्या आणि त्या दिवशी दही लागायला तासभर जास्त धरा.

तयार दही झाकून, ओला चमचा न लावता ठेवलं तर दहा-बारा दिवस चांगलं राहतं. वर थोडी निवळी सुटली तर ढवळून घ्या, त्यात काही वावगं नाही. गुलाबी किंवा केशरी डाग, केसाळ बुरशी, बुडबुडे किंवा दारूसारखा वास आला तर वरचा थर काढून खाली चांगलं असेल असं समजू नका. सगळं टाकून द्या, आणि फडकं व डबा उकळून घ्या.

तुम्ही पुढच्या वेळी दूध पंधरा मिनिटं वाफाळतं ठेवा, विरजण एक चमचा घाला, सहा तासांत फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी चाळणीवर पसरून गाळा. निवळीचा रंग कसा आला आणि किती ग्रॅम निघाली ते कळवा, त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.